नोएडातली सगळ्यात थंड जागा

वहिनीला एमआरआयसाठी आत नेत होते तेव्हा तिथल्या टेक्निशियनने नेहमीप्रमाणे विचारलं, "माताजी, कोई मेटल तो नहीं है? चूड़ी, पिन, चेन?" मी मनात म्हटलं, झालं, आता ही काही लवकर आत जात नाही. स्ट्रेचरवर आडवी, अंगावर मांस म्हणून उरलेलं नाही, दोन शब्द बोलली की धाप लागतेय, आणि बाई त्यालाच विचारते, "कितने टेस्ला का है?" म्हणजे चुंबकाचा जोर किती. तो दचकला. "डेढ़," म्हणाला. वहिनीने मान अशी हलवली, जणू भाजीवाल्याने शिळी मेथी पुढे केली असावी. मग पुढचा प्रश्न, हीलियम कधी भरून घेता? त्याने सांगितलं, हल्ली भरावं लागत नाही, उडालेलं हीलियम मशीनच परत थंड करून घेतं. हे ऐकून तिच्या तोंडावर जे आलं ते मी महिनाभरात पाहिलं नव्हतं. माझा हात दाबून म्हणाली, "मंजू, ऐक. भिंतीमागून चिवचिव येतेय ना? तोच पंप. तोच थंड ठेवतोय आतला चुंबक." मला ऐकू येत होती एसीची घरघर. पण मी हो म्हटलं. बाहेर आल्यावर रिपोर्टबद्दल तिने एक अक्षर विचारलं नाही. "आवाज फार करतं, पण बांधलंय चांगलं," एवढंच म्हणाली. आमचं नीट बोलणं झालं ते तेवढंच. नंतर ती बहुतेक गुंगीतच होती, आणि एका सकाळी दादाचा फोन आला, "मंजू, उषा गेली गं…" मी फोन कानाला लावून उभी राहिले आणि मला त्या क्षणी काय आठवावं? ती न ऐकू आलेली चिवचिव. तेव्हा खोटं का होईना, हो म्हटलं ते बरं केलं असं वाटलं.

नणंदेने वहिनीवर लेख लिहायचा म्हणजे वाचणारे आधीच ओळींमधलं शोधायला लागतात. शोधा खुशाल. आमचं भांडण व्हायचं, कडाडून व्हायचं, आणि ती रागावली की मला मंजू न म्हणता "वन्सं" म्हणायची, तेही अहोजाहो करून. तेवढ्यावरून मला कळायचं की आज आपलं काही खरं नाही. पण माझ्या आयुष्यात मला ज्या माणसाबद्दल सगळ्यात जास्त कुतूहल वाटलं ते माणूस म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा केंद्र सरकारच्या नोकरीत, आर. के. पुरमला क्वार्टर. मला दिल्लीत सरकारी नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्याकडेच येऊन राहिले आणि माझं लग्न होईपर्यंत तिथेच ठाण मांडलं. वहिनी पुण्याहून भौतिकशास्त्र शिकून आलेली, दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत कामाला. गावाकडून कोणी आलं की विचारायचं, सूनबाई काय करतात? आमचे वडील, अण्णा, ऐटीत सांगायचे, फ्रिज बनवते. पाहुणे माना डोलवायचे आणि स्वैपाकघरातल्या आमच्या फ्रिजकडे बघायचे, जो कायम बिघडलेला असायचा. दूध नासायचं, कोथिंबीर काळी पडायची. मी म्हटलं, वहिनी, तू फ्रिजवाली ना, बघ की जरा. तर म्हणते, "हा मेकॅनिकचा विषय आहे, मला यातलं काही कळत नाही." आणि ती थट्टा करत नव्हती, तिला खरंच कळत नसे.

तिचा फ्रिज वेगळा होता. तो काय होता हे मला जसं तिने समजावलं तसंच सांगते, शास्त्रवाल्यांनी सांभाळून घ्यावं. ती म्हणायची, गरम किती करायचं याला वर मर्यादा नाही, पण थंडीला खाली तळ आहे. बर्फाच्याही खाली दोनशे त्र्याहत्तर अंश उतरलं की तळ येतो. तिथे कोणी पोचत नाही, कितपत जवळ जाता येतं एवढंच. तिची यंत्रं त्या तळापासून अंशाच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतक्या अंतरावर जाऊन थांबायची. मी विचारलं, एवढं करून तिथे मिळतं काय? "शांतता," ती म्हणाली. "आपण बसलोय ना इथे, इथे उष्णतेचा एवढा गोंगाट आहे की वस्तू आतून कशी आहे ते कळतच नाही. सगळे कण नुसते धावपळ करताहेत. थंड केलं की ते गप्प बसतात." मग यंत्रात चुंबकही बसवतेस तो कशाला? "मग एकेकाला चिमटा काढून बघायचं, कोण काय बोलतं ते." वर माझ्याकडे बघून म्हणाली, "आधी सगळ्यांना गप्प करायचं आणि मग चिमटे काढायचे. नणंदा हेच तर करतात." दादा पेपरमागे हसत होता. मी रुसले, पण भौतिकशास्त्र तेवढं मात्र कायमचं समजलं.

एकदा तिने मला ते यंत्र दाखवायला संस्थेत नेलं. जमिनीत खड्डा, त्यात माणसाएवढी पोलादी टाकी, आणि वर छताला टांगलेलं ते यंत्र… समई उलटी टांगावी तशा एकाखाली एक तांब्याच्या चकत्या, त्यांच्यामधून केसासारख्या बारीक नळ्या वेटोळी घेत खाली गेलेल्या. सगळ्यात खालची चकती सगळ्यात थंड. त्या नळ्या तिने स्वतः वळवलेल्या, सांधे स्वतः जोडलेले. हात लावायला गेले तर माझ्या मनगटावर चापट बसली. बोटाचा चिकटा लागायला नको. आमच्या आजीने देवघरात पाळलं नसेल असलं सोवळं. सांधा जोडला की तो गळतो का बघायचं, मग गार करून पुन्हा बघायचं, कारण काही गळती अशी की ऊन असताना शहाण्यासारखी बंद असते आणि गार पडली की उघडते. मी विचारलं, मग ती सापडते कशी? "सापडत नाही," ती मजेत म्हणाली, "म्हणून तर मजा." तिला गळती शोधायला मिळाली की तिचं जेवणखाण सुटायचं आणि तब्येत मात्र सुधारायची.

त्या यंत्रावर पुष्कळ लोकांनी काम केलं. पण मग ते दिवस आले ज्यांत आपल्याकडे एकदम सगळं मिळायला लागलं. आमच्या क्वार्टरमध्ये रंगीत टीव्ही आला, खालच्या मजल्यावर नवी मारुती आली, आणि वहिनीच्या संस्थेत गुळगुळीत कागदाचे परदेशी कॅटलॉग आले. पूर्वी बाहेरून काही मागवायचं तर फायली फिरून फिरून माणूस म्हातारा व्हायचा, आता सही केली की पेटी यायची. मोठं परदेशी यंत्र आलं. त्यात चूक काहीच नव्हतं, वहिनी स्वतःच पेटी उघडताना पोरीसारखी नाचत होती. पण मग तिच्या यंत्राचं काय करायचं? कुणाला तरी वाटलं, याचा सन्मान करू. पॉलिश करून ते दर्शनी हॉलमध्ये काचेच्या कपाटात उभं केलं, खाली पितळी पाटी, तिच्यावर वहिनीचं नाव. पाहुणे आले की फोटो काढायचे. त्या संध्याकाळी ती घरी आली, चप्पलसुद्धा न काढता दिवाणावर बसली आणि रडली. मी तिला रडताना पाहिलं ते तेवढं एकदाच. दादा म्हणत राहिला, अगं, मान आहे हा, नाव लावलंय तुझं. ती म्हणाली, "वापरायची वस्तू होती हो ती. तिला सर्दी व्हायची, ती गळायची, पोरं तिला शिव्या द्यायची… आता तिला कोणी शिवीसुद्धा देणार नाही." डोळे पुसून झाल्यावर तिने सांगून टाकलं की पुढचं यंत्र मी करीन ते वापरात राहील असं करीन. कुणाचं नाव लागो न लागो. नाहीतर हा धंदाच बंद.

तिने नोकरी सोडली आणि नोएडात एक शेड भाड्याने घेतली. सगळा देश विकत घ्यायला निघाला होता आणि आमच्या बाईसाहेब बनवायला निघाल्या. माहेरचे, सासरचे, सगळे म्हणाले, डोकं फिरलंय. मीही म्हटलं, लपवत नाही. तेव्हाचं नोएडा म्हणजे आकड्यांचे सेक्टर, रुंद रस्ते, त्यांवर गाड्या कमी आणि गाई जास्त, धूळ, आणि वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. शेडमध्ये एक लेथ, एक वेल्डिंगचं टेबल, दोन कारागीर, पंपांची धडधड आणि जनरेटर. द्रवरूप हीलियम दिल्लीतून आणावं लागे. ते मोठ्या थर्मासमध्ये भरून टेम्पोत बांधायचं, आणि ड्रायव्हरशेजारी वहिनी बसायची. यमुनेच्या पुलावर ट्रॅफिक लागला की तिचा जीव खालीवर, कारण थांबलेल्या प्रत्येक मिनिटाला ते उडून जात असतं. टेम्पोवाले तिला "गैसवाली मैडम" म्हणायचे. तिला काही वाटायचं नाही. मलाच वाटायचं.

पहिली मोठी ऑर्डर आली ती दक्षिण दिल्लीतल्या एका विद्यापीठातून, मुनिरकापासून जवळच. तिथले प्रोफेसर थोडं बोलणारे आणि सरळ. शेड बघून गेले, चहा प्यायले आणि म्हणाले, "मैडम, बाहर से मँगाने की परमिशन मेरे पास है। आप दिखा दीजिए कि मैग्नेट पूरा चढ़े और ठंड टिकी रहे, तो मेरे बच्चे इसी पर काम करेंगे।" वहिनीने एवढंच ऐकलं, की पोरं यावर काम करतील. तिला तेच हवं होतं. घरी येऊन तिने हे वाक्य दादाला सांगितलं, मला सांगितलं, कामवालीला हिंदीत जसंच्या तसं सांगितलं. वर्षभर ती त्या यंत्राच्या मागे होती. आणि इकडे दादाला तिची रोजची ये-जा बघवेना. आर. के. पुरमहून दोन बसा बदलून नोएडा, परत येताना दमून खिडकीशी झोपायची आणि स्टॉप चुकायचा. माझा भाऊ अबोल, प्रेम वगैरे बोलून दाखवणाऱ्यातला नव्हे. त्याने गुपचूप नोएडात, तिच्या शेडपासून नाल्यापलीकडच्या सेक्टरमध्ये, एका होऊ घातलेल्या सोसायटीत फ्लॅट बुक केला. तिला सांगितलं तेव्हा लाजला होता. जागेवर तेव्हा नुसती बाभळीची झुडपं आणि एक बोर्ड. तरी दर शनिवारी सुट्टी असली की हा तिथे जाऊन उभा राहायचा, आपलं घर कुठे येणार ते हवेत बघत.

यंत्र तयार झालं. थंड होत होतं अगदी हवं तितकं, एकदा नाही तर तीनदा-चारदा. पण चुंबक चढवला, म्हणजे त्याचा जोर वाढवत नेला, की थंडीचा आकडा सरकायला लागायचा. म्हणजे तळाशी कुठून तरी ऊब येत होती. इतकी थोडी की तुमच्या-माझ्या हिशेबी ती ऊबच नव्हे, पण तिथे तेवढीही पुष्कळ होते. ती कुठून येते ते काही कळेना. वहिनीने स्वतःच्या हातावर संशय घेतला. या लोकांची हीच खोड, काही बिघडलं की पहिली चूक आपलीच. तिने यंत्र सगळं ऊन होऊ दिलं, उघडलं, खालची चकती बदलली. तांबं चुंबकापुढे हललं तर त्यात वीज फिरते आणि ते तापतं, म्हणून तिने चकतीला पूर्वीच करवतीने चिरा पाडलेल्या होत्या, त्या आणखी वाढवल्या. पुन्हा हीलियम, पुन्हा टेम्पो, पुन्हा पूल. पुन्हा तीच ऊब. पुन्हा उघडलं, सांधे बदलले, स्क्रू बदलले. बिचारे दोन्ही कारागीर वैतागले. ती मला म्हणाली, "मंजू, यातली मेख अशी आहे की दुपारी ती ऊब थोडा वेळ नसते. मी डबा खायला बसते आणि आकडा शहाण्यासारखा खाली येतो. माझं यंत्र पण जेवायला बसतं की काय?" मी म्हटलं, तुझ्या कारागिरांच्या सुट्टीत लेथ बंद असेल. तर म्हणाली, लेथ तर केव्हाच बंद ठेवलाय, शेजारच्या पत्र्याच्या कारखान्याचीही एक दिवस विनवणी करून परीक्षा घेतली, तो निर्दोष आहे. प्रोफेसरांना दिलेली वेळ जवळ येत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं, आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली की ही यात हरली तर पुन्हा उभी राहणार नाही.

माझं तोवर लग्न झालं होतं. एका शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवायला होते. पिठलं-भाकरी होती, दादाची आवडती, आणि दादा खुशीत होता. साइटवरून आला होता. "काम धडाक्यात चाललंय," म्हणाला. "पाइलिंग बघितलं आज. एवढा थोरला लोखंडी हातोडा वर नेतात आणि सोडतात. पायाखालची जमीन हादरते गं, नाल्याच्या अलीकडे उभं राहिलं तरी कळतं. बरोबर एकला थांबतात, जेवायला. दोनला पुन्हा सुरू." वहिनीचा घास हातात राहिला. "किती वाजता म्हणालात?" दादाने सांगितलं. "आणि रविवारी?" रविवारी बंद. तिने घास ताटात ठेवला. मला काही उमगायच्या आत ती हसायला लागली, अशी हसली की डोळ्यांतून पाणी. पंपांच्या धडधडीत शेडमध्ये तो हातोडा कधी ऐकूच आला नव्हता, पण जमीन तो आणून पोचवत होती. जमिनीतून शेडच्या पायात, पायातून सांगाड्यात, सांगाड्यातून त्या टांगलेल्या चकत्यांत. चुंबकापुढे तांबं केसभर हलत होतं आणि तापत होतं. आणि हातोडा कुणाच्या घरासाठी? तिच्याच. दादाचा चेहरा बघवत नव्हता. "म्हणजे… माझ्यामुळे?" तो म्हणाला. मग ताडकन म्हणाला, "रद्द करतो बुकिंग." वहिनी म्हणाली, "काही रद्द करू नका. तुमच्या रद्द करण्याने हातोडा थोडाच थांबणार आहे? जेवा आधी." आणि तिने स्वतः दोन भाकऱ्या खाल्ल्या. कित्येक दिवसांनी ती अशी जेवली.

ती साइटवर जाऊनही आली. तिथला इंजिनीयर म्हणाला, "मैडम, एक फ्रिज के लिए मैं काम रोक दूँ?" त्याचंही बरोबर होतं. मग मी माझं सरकारी डोकं चालवलं. म्हटलं, सोपं आहे, प्रोफेसरांना रविवारी बोलव. हातोडा बंद, ऊब बंद, यंत्र पास, पुढचं पुढे. त्यांना कशाला सांगायचंय? तिने माझ्याकडे असं बघितलं की मला कळलं, आता "वन्सं" येणार. आलंच. "वन्सं, तुम्ही रविवारी दाखवायला सांगताय. पण ती पोरं काय फक्त रविवारी शिकणार आहेत?" मी वाद घातला. तिथे विद्यापीठात कुठे पाइलिंग आहे, तिथे शांत आहे सगळं, झाडं आहेत, मोर आहेत. "आज आहे," ती म्हणाली. "उद्या पूल बांधतील, रस्ता खणतील, जमिनीखालून गाड्या नेतील. दिल्ली काय गप्प बसणाऱ्यातली आहे का? मग माझं यंत्र नीट चालेना म्हणून ते उचलून ठेवतील कुठेतरी. शोभेला." मी चिडून घरी निघून आले आणि आम्ही आठवडाभर बोललो नाही.

त्या आठवड्यात तिने काय केलं ते मला दादाकडून कळलं. तिने काँक्रीटची एक जाडजूड लादी ओतून घेतली, ती हवा भरलेल्या स्कूटरच्या ट्यूबांवर तरंगती ठेवली, आणि यंत्राचा सांगाडा जमिनीवरून काढून त्या लादीवर उभा केला. पंपाकडून येणाऱ्या नळ्या वाळू भरलेल्या पेटीतून नेल्या, म्हणजे पंपाची थरथर वाळूतच जिरावी. ट्यूबा पंक्चरवाल्याकडून आणल्या होत्या हे ऐकून मी नंतर म्हटलं, वा, काय जुगाड केलास. हा शब्द तिच्यासमोर कोणी काढू नये. "जुगाड दुसऱ्या दिवशी मोडतो. याचं गणित केलंय मी. लादीचं वजन, हवेचा दाब, हातोड्याची लय, सगळ्याचं." ते गणित तिने मला समजावूनही सांगितलं, आणि मी मान डोलवत राहिले.

प्रोफेसर आले ते कामाच्या दिवशी, भर दुपारी. मी रजा टाकून गेले होते, भांडण संपवायला काहीतरी निमित्त हवंच होतं. वहिनीने त्यांना शेडमध्ये नेलंच नाही. आधी त्यांच्याच गाडीत बसवून नाल्यापलीकडे साइटवर नेलं. धप्प… धप्प… आणि पायाखाली जमीन अंग झटकत होती. "पहले ये देख लीजिए," ती म्हणाली. प्रोफेसरांनी हातोड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. शेजारी दादा उभा. तो आपला सांगून मोकळा झाला, "हमारा ही मकान बन रहा है, जी." मग सगळे शेडमध्ये आलो. मला साडीच्या पिना काढून दाराशी बसवलं होतं. चुंबक हळूहळू चढवायला घेतला. आकडा हलला. थोडा वर गेला, आणखी थोडा गेला… वहिनी हाताची घडी घालून उभी होती, तिची बोटं दंडात रुतलेली मला दिसत होती. मग तो आकडा थांबला आणि सावकाश, अगदी आढेवेढे घेत, खाली आला आणि तिथेच राहिला. प्रोफेसर बराच वेळ बघत होते. मध्येच उठून बाहेर रस्त्यावर जाऊन आले, हातोडा खरंच चालू आहे ना ते बघायला. परत येऊन म्हणाले, "भेज दीजिए।" वहिनीने विचारलं, "चलाएँगे न? रखेंगे तो नहीं?" ते म्हणाले, "चलेगी तो चलाएँगे, मैडम।" ट्यूबांसकट, लादीसकट यंत्र मुनिरकाच्या बाजूला रवाना झालं, आणि आम्ही तिघं कोपर्निकस मार्गावर मराठी जेवण मिळतं तिथे जाऊन पोट फुटेस्तोवर जेवलो.

सोसायटी उभी राहिली. दादा-वहिनी तिथे राहायला गेले, तिच्या बाल्कनीतून शेडचं पत्र्याचं छप्पर दिसायचं. पुष्कळ वर्षं ती विद्यापीठात जाऊन यंत्राची दुखणीखुपणी बघून यायची. मग प्रोफेसर निवृत्त झाले, तिचे गुडघे गेले, शेड बंद झाली. कुणाकडून तरी कानावर आलं की त्या विभागात बाहेरून नवंकोरं यंत्र आलंय, उद्घाटनाला बडे लोक होते. त्यानंतर वहिनीने तिथली चौकशीच बंद केली. जी बाई बँकेत गेली तरी नोटा मोजायचं मशीन कसं चालतं ते विचारायची, लिफ्ट अडकली तर बाहेर काढायच्या आधी कशामुळे अडकली ते विचारायची, तिने स्वतःच्या यंत्राबद्दल चकार शब्द काढू नये? मी मागे लागायचे, फोन कर की. करीन म्हणायची. एकदा फारच टोकलं तर म्हणाली, "मंजू, जोवर विचारलं नाही तोवर ते चालू आहे." त्यावर मी पुन्हा विचारलं नाही. तिच्या तोंडून असलं, घाबरलेलं वाक्य मला ऐकवेना.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी त्या विभागातून दादाला फोन आला, छोटी शोकसभा ठेवलीय, घरचं कुणी यावं. दादाच्याने जाववेना. त्याने झेंडूचा एक हार आणून ठेवला होता. "तू जा. ते यंत्र कुठे ठेवलं असेल तिथे एवढा घाल," म्हणाला. हल्ली नोएडाहून मुनिरकाला सरळ मेट्रो जाते. मी गेले. सभा बरी झाली. नवे विभागप्रमुख चांगलं बोलले, वहिनीचं नाव नीट उच्चारलं, सगळे उभे राहिले. नंतर मी त्यांना विचारलं, ते यंत्र कुठे आहे? "नीचे, बेसमेंट में," ते म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांना कुणीतरी बोलावलं. तळघर म्हटल्यावर मी काय ते समजले. तिथे काय ठेवतात मला माहीत आहे, सरकारी ऑफिसात आयुष्य गेलंय माझं. मोडक्या खुर्च्या, जुने पंखे… मला भयंकर राग आला आणि रडूही आलं. म्हटलं, वहिनी, बरं झालं विचारलं नाहीस. पण हार तर घालायलाच हवा होता. रेलिंगला धरून, चपला फटफट वाजवत मी खाली गेले.

खाली लांबलचक कॉरिडॉर, शेवटी एक बंद दार, दारावर लाल दिवा. मी कडीला हात घातला तोच दार आतून किलकिलं झालं आणि एक मुलगी बाहेर आली. केस विस्कटलेले, पायात मोजे, हातात बिस्किटाचा पुडा. "आंटी, अंदर नहीं जा सकते। रन चल रहा है, मैग्नेट पूरा चढ़ा हुआ है।" मी म्हटलं, मुझे बस वो पुरानी मशीन देखनी है. "वही तो चल रही है," ती म्हणाली. मला वाटलं, हिचा काहीतरी घोटाळा होतोय. म्हटलं, तुम्हारी तो नई आई है ना? "उसमें नंबर ही नहीं लगता, आंटी। और ऊपर कुछ भी खुदाई हो तो उसका डेटा हिल जाता है। ये वाली नहीं हिलती। सब इसी के पीछे पड़े रहते हैं। मेरी तो पूरी पीएचडी इसी पर है।" मग दाराकडे बघून, घरातल्या हट्टी माणसाबद्दल बोलावं तशी म्हणाली, "बहुत दिमाग़ खाती है, कहीं न कहीं लीक करती रहती है, पर चलती है।" मी विचारलं, किसने बनाई, मालूम है? तिने खांदे उडवले. "पता नहीं। बहुत पहले की है।" वहिनीचं नाव माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात आतून काहीतरी टिकटिक वाढली, ती "सॉरी आंटी" म्हणत पळाली आणि दार लावून घेतलं. मी तिथे उभी राहिले. इतका आनंद मला तिच्या जाण्यानंतर एकदाही झाला नव्हता, आणि तो सांगायला तीच नव्हती. पर्समध्ये फोन वाजला. मी दचकले, घाईघाईने तो दाबून कानाला लावला. दादा होता. "घातलास का हार?" मी तोंडावर हात धरून कुजबुजले, "नाही घालता येत, दादा. चालू आहे ते." मी फोन बंद केला, हार पिशवीत परत ठेवला, चपला काढून हातात घेतल्या आणि पाय न वाजवता जिना चढले.